कॅलिफोर्नियात 'डिव्होर्स झालाय' म्हणजे नक्की काय झालंय, ते काउंटी कोर्टाच्या कागदावरून कसं ओळखायचं (आणि स्वतः फाइल करायचं तर)

दोन प्रश्न एकदम आलेत आणि दोन्हींचं उत्तर फिरून एकाच जागी येतं, म्हणून एकत्रच लिहिते. पहिला नाशिकच्या ताईंचा. भाचीसाठी स्थळ आलंय, मुलगा सॅन होजेला, पहिलं लग्न पुण्यात झालेलं, "२०१९ ला डिव्होर्स झाला" असं घरचे सांगतात आणि पुरावा म्हणून व्हॉट्सअॅपवर एका पानाचा फोटो पाठवलाय, वर कोर्टाचा शिक्का आहे, तर हे पुरेसं आहे का आणि खरं-खोटं कुठे तपासायचं. दुसरा प्रश्न फ्रीमॉन्टमधल्या एका मुलीचा, एच-४ वर आहे, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, वकिलाला द्यायला पैसे नाहीत, स्वतः डिव्होर्स फाइल करता येईल का आणि सहा महिन्यांनी तो आपोआप होतो हे खरं का.

मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजेच्या भागात, फॅमिली लॉच्या ऑफिसमधे पॅरालीगल म्हणून बरीच वर्षं काम करतेय, म्हणजे फॉर्म भरणं, खिडकीवर जाऊन शिक्के मारून आणणं, परत आलेली जजमेंट दुरुस्त करून पुन्हा पाठवणं हे माझं रोजचं काम. कुठला कागद कुठे मिळतो आणि काय चुकलं की परत येतो हे मी सांगू शकते, तुमच्या केसमधे काय मागावं हा सल्ला मात्र वकिलाकडूनच घ्या.

आधी तो शिक्का. ताई, शिक्का असणं म्हणजे डिव्होर्स झालेला असणं नाही. इथे केस सुरू करताना जो पहिला अर्ज देतात, एफएल-१००, पिटिशन, त्याच्यावर पण उजव्या कोपऱ्यात 'फाइल्ड' असा शिक्का बसतो, तारखेसकट. म्हणजे तुमच्याकडे आलेला फोटो त्या अर्जाचा असेल तर त्यावरून एवढंच कळतं की कुणीतरी एका दिवशी कोर्टात जाऊन डिव्होर्स मागितला. मिळाला की नाही ते त्या पानावर कधीच नसतं. आणि मुद्दाम फसवलं जातंय असंही लगेच धरू नका, कारण मी अशी माणसं बघितलीत ज्यांना स्वतःलाच मनापासून वाटत असतं की आपला डिव्होर्स झालाय. एक जण दुसऱ्या लग्नाचं लायसन्स काढायच्या आधी सहज कॉपी मागायला आमच्याकडे आला होता, तेव्हा कळलं की पाच वर्षांपूर्वी अर्ज दिला, बायकोला कागद पोचले, आणि त्यानंतर फाइलमधे एकही कागद गेला नाही. सहा महिने झाले की संपलं असं त्याला कुणी मित्रानं सांगितलेलं. तो माणूस कायद्यानं अजून विवाहितच होता, आणि दुसऱ्या लग्नाचा हॉल बुक झाला होता.

हा सहा महिन्यांचा गैरसमज इतका पसरलाय की नीट सांगते. कॅलिफोर्नियात समोरच्याला कागद बजावल्यापासून, किंवा तो स्वतःहून कोर्टात हजर झाला त्या दिवसापासून, सहा महिने आणि एक दिवस व्हायच्या आधी लग्न संपू शकत नाही. ही कमीत कमी मुदत आहे. ती उलटली म्हणून काहीही घडत नाही, तुम्ही जजमेंटचे कागद तयार करून दिले आणि जजनं सही केली तरच घडतं. कोर्ट आठवण करून देईलच असं नाही.

आता रेकॉर्ड कुठे मिळतं. अमेरिकेत डिव्होर्सची देशभराची एक अशी यादी नाही. केस ज्या काउंटीत (आपल्याकडचा जिल्हा म्हणा) झाली त्या काउंटीच्या कोर्टात ती फाइल असते. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचं आपलं सुपीरियर कोर्ट. सॅन होजे, सनीवेल, कूपरटिनो, मिलपिटस हे सगळं सांता क्लारा काउंटीत येतं आणि त्यांचं फॅमिली कोर्ट सॅन होजे डाउनटाउनमधे नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवर आहे. मिलपिटसला लागूनच असलेलं फ्रीमॉन्ट मात्र अलमेडा काउंटीत, त्यांचं फॅमिली कोर्टाचं काम हेवर्डला चालतं. रस्ता ओलांडला की काउंटी बदलते, म्हणून मुलगा आज कुठे राहतो हे विचारू नका, केस टाकली तेव्हा दोघांपैकी कोण कुठे राहत होतं ते विचारा. राज्याच्या व्हायटल रेकॉर्ड्स म्हणजे जन्म-मृत्यू-लग्नाच्या नोंदींच्या खात्याकडे लिहिण्यात अर्थ नाही, त्यांच्याकडे फक्त १९६२ ते जून १९८४ मधल्या डिव्होर्सची नोंद मिळते, तीही नुसता दाखला, जजमेंटची कॉपी नाही. पेसर नावाची जी साइट लोक सुचवतात ती फेडरल कोर्टांची आहे, तिथे डिव्होर्स सापडणार नाही. आणि तीस-चाळीस डॉलर घेऊन 'सगळी रेकॉर्ड्स' देणाऱ्या ज्या खासगी साइट आहेत त्यांच्यावर पैसे घालवू नका, "काही सापडलं नाही" असं त्यांनी म्हटलं तरी त्याचा काही अर्थ निघत नाही.

बहुतेक मोठ्या काउंट्यांच्या कोर्टाच्या वेबसाइटवर केस नंबरनं किंवा नावानं शोधता येतं, काही काउंट्या नावानं शोधायचे पैसे घेतात. तिथे तुम्हाला नाशिकमधे बसून केस नंबर, दोघांची नावं आणि कुठल्या तारखेला काय दाखल झालं त्याची यादी दिसू शकते. आतले कागद मात्र दिसणार नाहीत, फॅमिली केसचे कागद घरबसल्या दाखवायचे नाहीत असा कॅलिफोर्नियाच्या कोर्टांचा नियमच आहे, ते कोर्टाच्या इमारतीत जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवर किंवा खिडकीवरूनच बघता येतात. ते बघायला नातेवाईक असायची गरज नाही, जजनं एखादा कागद सील केला नसेल किंवा तो मुळातच गोपनीय प्रकारचा नसेल तर डिव्होर्सची फाइल सार्वजनिक असते. बे एरियात तुमचं कुणीही ओळखीचं असेल तर त्याला एका सकाळी पाठवा. डिव्होर्स जजमेंटची सर्टिफाइड कॉपी १५ डॉलर, बाकी कागदांच्या साध्या कॉपीला पानाला ५० सेंट, आणि शोधायला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागली तर १५ डॉलर शोधायचे, साधारण असे दर आहेत, तरी जायच्या आधी त्या कोर्टाच्या साइटवर बघून घ्या.

नावाचा घोळ हा आपल्या लोकांचा खास घोळ आहे आणि यात फार वेळ जातो. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा मुलाचं नाव आणि वडलांचं नाव एकाच रकान्यात असतं, मग कोर्टाच्या सिस्टिममधे वडलांचं नाव कधी मिडल नेम म्हणून बसतं तर कधी पहिल्या नावालाच चिकटतं. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर इथल्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' म्हणजे फर्स्ट नेम अननोन येतं आणि खरं नाव आडनावाच्या जागी जातं, केसही तशीच नोंदली गेलेली मी बघितलीये. क्षीरसागर, वैद्य, ज्ञानेश अशी नावं इंग्रजीत चार तऱ्हेनं लिहितात. बायकोचं नाव माहेरचं की सासरचं तेही माहीत नसतं. म्हणून आधी फक्त आडनावानं शोधा, मग उलटापालट करून, मग बायकोच्या दोन्ही नावांनी. यातलं काही करायच्या आधी सगळ्यात सोपं म्हणजे मुलाला सरळ केस नंबर आणि काउंटी विचारा. ज्याचा डिव्होर्स खरोखर झालाय त्याला हे दोन मिनिटांत देता येतं, आणि लग्नाच्या बोलणीत हे विचारण्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही, पत्रिका मागताच ना तसंच.

हातात काय यायला हवं ते सांगते. एफएल-१८० नावाचा फॉर्म, जजमेंट. हा नीट वाचा, कारण नुसतं 'जजमेंट' लिहिलंय म्हणून लग्न संपलं असंही नाही. वरच्या बाजूला चौकोन असतात. डिसोल्यूशनपुढे खूण असेल तर डिव्होर्स. लीगल सेपरेशनपुढे असेल तर वेगळे राहतायत पण लग्न कायम. 'स्टेटस ओन्ली' असेल तर लग्न संपलं पण पैशांचं, घराचं, मुलांचं अजून ठरायचंय. आणि एक चौकोन असा आहे की त्यात लग्न संपवण्याचा अधिकार कोर्टानं पुढे राखून ठेवलेला असतो, म्हणजे वाटणी झाली आणि लग्न मात्र चालू. सगळ्यात महत्त्वाची एक तारीख, मॅरिटल स्टेटस कधी संपतं ती. ती जजच्या सहीच्या तारखेपेक्षा वेगळी असू शकते. त्याच्या जोडीला एफएल-१९० असतो, जजमेंट नोंदल्याची नोटीस, त्यावर हीच तारीख चौकटीत असते आणि खाली स्पष्ट लिहिलेलं असतं की या तारखेआधी दोघांपैकी कुणालाही पुन्हा लग्न करता येणार नाही. हे दोन कागद, सर्टिफाइड, कोर्टाच्या खिडकीवरून तुमच्या माणसानं घेतलेले. फोटोवर विसंबू नका.

आणि ताई, तुमच्या बाबतीत याहून मोठी गोष्ट आहे. त्याचं पहिलं लग्न पुण्यात हिंदू पद्धतीनं झालंय. इथलं कोर्ट 'आमचं जमत नाही' एवढ्यावर डिव्होर्स देतं, कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९७० पासून दोष सिद्ध करायची गरजच नाही. पण भारताच्या सुप्रीम कोर्टानं १९९१ मधे वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या केसमधे सांगितलंय की परदेशी कोर्टाचा डिव्होर्स भारतात धरायचा तर त्या कोर्टाचा अधिकार आणि डिव्होर्सचं कारण दोन्ही ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्याप्रमाणे असायला हवं, किंवा समोरच्यानं स्वतःच्या मर्जीनं त्या कोर्टात येऊन त्याच कायद्यातल्या कारणावर केस लढवलेली हवी किंवा डिव्होर्सला संमती दिलेली हवी. ती केस अशाच एका काउंटी कोर्टाची होती, लग्न १९७५ ला तिरुपतीला, डिव्होर्स मिझूरीतल्या सेंट लुइस काउंटीच्या कोर्टातून, बायकोनं ते कोर्ट मान्यच केलं नव्हतं. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं आणि पहिल्या बायकोनं त्याच्यावर द्विभार्येचा खटला टाकला, तो डिव्होर्स भारतात टिकला नाही.

म्हणून एफएल-१८० वर अजून दोन जागा बघा. केस कशी चालली, डिफॉल्टनं म्हणजे समोरच्यानं उत्तरच न दिल्यामुळे एकतर्फी, की दोघांच्या करारानं, आणि रिस्पॉन्डंट म्हणजे समोरची पार्टी नुसती बजावली गेली का स्वतः हजर झाली. फाइलमधे बायकोचा एफएल-१२० म्हणजे रिस्पॉन्स असेल आणि त्यात तिनंही डिव्होर्स मागितला असेल, किंवा एफएल-१३० म्हणजे केसमधे हजर असल्याचा आणि संमतीचा फॉर्म, किंवा दोघांच्या सह्यांचा करार असेल तर बऱ्यापैकी निश्चिंत व्हा. बायको भारतात, तिचा एकही कागद नाही आणि डिफॉल्ट जजमेंट, असं असेल तर भाचीचं लग्न ठरवायच्या आधी पुण्यातल्या फॅमिली कोर्टाच्या वकिलाला ती कॉपी दाखवा, तो कदाचित म्हणेल की भारतात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-बी खाली परस्पर संमतीनं पुन्हा करून घ्या. त्याला काही महिने लागले तर लागू देत. भारतात वापरायच्या कॉपीवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लावतात ते सरकारी प्रमाणपत्र लागतं, ते कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून मिळतं, सॅक्रामेंटोला, २० डॉलर.

आता फ्रीमॉन्टच्या मुलीसाठी. हो, स्वतः फाइल करता येतं आणि इथे खूप जण वकिलाशिवाय करतात. व्हिसा कुठला याच्याशी कोर्टाला घेणंदेणं नाही. दोघांपैकी एकानं कॅलिफोर्नियात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने राहिलेलं असलं की झालं. तू फ्रीमॉन्टमधे तीन महिने असशील तर अलमेडा, नवरा आता वेगळा सॅन होजेला राहत असेल आणि त्याचे तीन महिने झाले असतील तर सांता क्लारालाही टाकता येईल. मुदत भरली नसेल आणि थांबणं शक्य नसेल तर आधी लीगल सेपरेशन टाकून नंतर ते डिव्होर्समधे बदलता येतं.

घरात मारहाण, धमक्या, पासपोर्ट लपवणं असलं काही चालू असेल तर पुढचं सगळं नंतर वाच. आधी डीव्ही-१०० चा संरक्षण आदेशाचा अर्ज, त्याला फी नाही, आणि मैत्री या संस्थेला फोन कर, १९९१ पासून बे एरियात दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करतात.

नसेल, तर सुरुवातीला एफएल-१०० पिटिशन, एफएल-११० समन्स, आणि मूल असेल तर त्याच्या माहितीचा एफएल-१०५. मूळ प्रत आणि वर दोन कॉप्या घेऊन जा. फी ४३५ डॉलर आहे, काही काउंट्यांत थोडी जास्त, पण तुझं उत्पन्न नसेल तर एफडब्ल्यू-००१ भरून माफी माग, लाजू नकोस, ती त्यासाठीच आहे. प्रत्येक काउंटीत सेल्फ-हेल्प सेंटर असतं, फुकट, तिथली माणसं फॉर्म तपासून देतात, सकाळी लवकर जा. नवरा तयार असेल तर १ जानेवारी २०२६ पासून दोघांनी मिळून जॉइंट पिटिशन टाकायची सोय झालीये, मग बजावण्याचा प्रश्नच येत नाही. लग्नाला पाच वर्षं झाली नसतील, मूल नाही, घर नाही, तर समरी डिसोल्यूशन हा अजून सोपा रस्ता आहे का ते सेंटरमधे विचार.

एकटीनं टाकलंस तर कागद नवऱ्याला तू स्वतः द्यायचे नाहीत. अठरा वर्षांवरच्या दुसऱ्या कुणीतरी हातात द्यायचे आणि त्या माणसानं एफएल-११५ वर सही करायची. त्यानंतर त्याला उत्तराला तीस दिवस. नवरा भारतात निघून गेला असेल तर तिथल्या भावाला सांगून कागद हातात देणं किंवा कुरियर करणं हे करू नकोस, भारत परदेशात कोर्टाचे कागद बजावण्याच्या हेग सर्व्हिस करारात आहे आणि पोस्टानं वगैरे बजावायला भारतानं हरकत नोंदवलीये, दिल्लीच्या कायदा मंत्रालयामार्फतच जावं लागतं आणि त्याला महिनोन् महिने लागतात. तो राजी असेल तर त्यानं स्वतःच एफएल-१२० किंवा एफएल-१३० भरून केसमधे यावं, हेच सगळ्यात बरं, आणि वर नाशिकच्या ताईंना सांगितलं त्या कारणानं तुझा डिव्होर्स भारतात टिकायलाही तेच उपयोगी पडेल.

समन्सची मागची बाजू कुणी वाचत नाही, तू वाच. तिथे छापलेले आदेश तुझ्यावर फाइल केल्या दिवसापासून लागू होतात आणि नवऱ्यावर कागद मिळाल्यापासून. मुलाला दुसऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय किंवा कोर्टाच्या ऑर्डरशिवाय कॅलिफोर्नियाबाहेर न्यायचं नाही, त्याचा नवीन पासपोर्ट काढायचा नाही, इन्शुरन्समधलं नाव बदलायचं नाही, रोजच्या खर्चापलीकडे पैसे हलवायचे नाहीत. मे महिन्यात नेहमीसारखं आजीकडे जाऊन येऊ म्हणून तिकीट काढलं तरी तो आदेशाचा भंग होतो, आणि भारत मुलांच्या अपहरणाविषयीच्या हेग करारात नसल्यामुळे इथले जज यात फार कडक असतात.

मग आपापले कागद (तू पिटिशन, त्यानं रिस्पॉन्स) फाइल केल्यापासून साठ दिवसांच्या आत एकमेकांना आपला सगळा पैशांचा हिशोब द्यायचा, एफएल-१४०, १४२, १५० आणि दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न. हे कोर्टात द्यायचे नाहीत, दिल्याचा फक्त एफएल-१४१ द्यायचा. यात भारतातलं पण येतं, पुण्यातला फ्लॅट, एफडी, पीपीएफ, एलआयसी, लॉकरमधलं सोनं. लग्नात माहेरून तुला मिळालेलं ते इथे तुझं एकटीचं धरतात, तरी यादीत लिहायचं. लग्नानंतर इथे कमावलेलं, त्याच्या पगाराचे शेअर्स आणि ४०१-के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) धरून, निम्मं-निम्मं. घर किंवा मोठे शेअर्स असतील तर निदान एक तासाचे पैसे देऊन वकिलाला यादी दाखव, इथे गेलेलं नंतर परत मिळत नाही.

जजमेंट मागायचा शेवटचा गठ्ठा म्हणजे एफएल-१७० (शपथेवरचं निवेदन), एफएल-१८०, एफएल-१९० आणि करार झाला असेल तर तो. हाच गठ्ठा सगळ्यात जास्त वेळा परत येतो आणि कारणं किरकोळ असतात, तारखा जुळत नाहीत, एक पान नोटरी झालेलं नाही, किंवा एफएल-१९० पोस्टानं पाठवायला दोघांच्या पत्त्याची, तिकीट लावलेली दोन पाकिटं जोडलेली नाहीत. प्रत्येक वेळी परत आलं की आठवडे जातात आणि लोक कंटाळून सोडून देतात.

तुझ्या बाबतीत तर लग्न संपण्याची तारीख फारच महत्त्वाची, कारण अर्ज टाकल्यानं तुझा एच-४ जात नाही, पण मॅरिटल स्टेटस संपलं की एच-४ पण संपतो आणि त्यावरचं वर्क परमिटही. त्यामुळे शेवटचा गठ्ठा पाठवायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेट, शिकायला जायचं असेल तर एफ-१, नोकरी असेल तर स्वतःचा एच-१बी, तो अर्ज कधी जायला हवा ते आधी ठरू दे आणि मग जजमेंटचे कागद भर. आणि जजमेंट हातात आलं की त्याच दिवशी दोन सर्टिफाइड कॉप्या काढ, एक अपोस्टिल करून आईकडे पाठव, एक तुझ्याकडे ठेव.